पाच अक्षरांची कात्री

आर्णी या नावात अक्षरं किती, असं शाळेतल्या पोराला विचारलं तर ते दोन सांगेल: आ आणि र्णी. युनिकोडच्या हिशेबाने तीच चिन्हं ५ होतात: आ, र, हलन्त, ण आणि दीर्घ वेलांटी. साठवायची वेळ आली की प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे एकूण १५. यवतमाळ जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव ज्या अरुणावतीच्या काठी आहे, तिचं नाव कानाला ५ अक्षरांचं आणि यंत्राला ८ चिन्हांचं. एरवी ही मोजदाद रिकामटेकडी ठरली असती. पण एका जुन्या संगणकी खेळाला मराठी बोलायला लावायचं म्हटलं की सगळं घोडं याच मोजणीवर अडतं, कारण त्या खेळाच्या पोटात एक कात्री आहे. ती प्रत्येक शब्दाची पहिली ५ अक्षरं ठेवते आणि उरलेली फेकून देते.

खेळ म्हणजे ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’. चित्रं नाहीत, फक्त मजकूर. यंत्र सांगतं तुम्ही गुहेत कुठे आहात, आणि तुम्ही एक-दोन शब्दांत हुकूम टाइप करता. विल क्राउदर या गुहाभटक्या प्रोग्रामरने १९७५-७६च्या सुमारास केंटकीतल्या खऱ्या गुहेवरून तो रचला, तोही फोरट्रान भाषेत, पीडीपी-१० यंत्रावर. १९७७मध्ये स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने तो वाढवला आणि १९९५मध्ये त्याची २.५ ही आवृत्ती आली. २०१७मध्ये एरिक रेमंडने मूळ कर्त्यांच्या संमतीने ती मुक्तस्रोत परवान्याखाली ‘ओपन ॲडव्हेंचर’ म्हणून आणली. ही वंशावळ जाणकारांना ठाऊक आहे. कात्री मात्र तिच्याहून जुन्या घराण्यातली आहे.

पीडीपी-१०मध्ये स्मृतीचा एक कप्पा ३६ बिटांचा असे. इंग्रजीत त्या कप्प्याचं नाव ‘वर्ड’, शब्द! आस्की संकेतात एका अक्षराला ७ बिट लागतात. पाच अक्षरांचे ३५ झाले आणि एक बिट उगाच रिकामा राहिला. म्हणजे खेळाडूचा शब्द यंत्राच्या ‘शब्दा’त कोंबायचा तर पाचाच्या पुढे जागाच नाही. मग कप्पा ३६चाच का? याचे दोन खुलासे दिले जातात. एक असा की त्या काळच्या गणनयंत्रांवर दहा आकडी संख्या चालत. तेवढी संख्या आणि तिचं अधिक-उणे चिन्ह मांडायला किमान ३५ बिट हवेत. दुसरा असा की जुन्या संकेतात अक्षर ६ बिटांचं असे आणि सहा सक छत्तीस. माझं मत पहिल्याकडे झुकतं. गरज ३५ची होती. सहाने भाग जातो म्हणून ती ३६वर स्थिरावली. हे बरोबर असेल तर गुहेतला हुकूम पाच अक्षरांवर तुटतो त्याचं मूळ साहित्यात नाही, भाषेतही नाही. ते हिशेबनिसांच्या दहा आकड्यांत आहे.

हा योगायोग असेल, असं कुणी म्हणेल. त्याने ‘झॉर्क’ हा असाच मजकुरी खेळ बघावा. तोही त्याच घरातला, पण घरगुती संगणकांसाठी त्याची जी रूपं निघाली त्यांत कात्री सहा अक्षरांवर चालते. तिथे अक्षर ५ बिटांत बसवलं होतं आणि १६ बिटांच्या कप्प्यात तीन अक्षरं मावत. दोन कप्पे, सहा अक्षरं. कप्पा बदलला तशी कात्रीही बदलली.

आता माझ्या लाडक्या तर्काकडे. ‘ॲडव्हेंचर’मधला प्रसिद्ध मंत्र आहे ‘झिझी’; इंग्रजीत तो एक्स, वाय, झेड, झेड, वाय असा लिहितात. त्याच्या व्युत्पत्तीवर बरीच शाई खर्ची पडली आहे. एक पक्ष सांगतो की हे सदिश गुणाकाराच्या सूत्राचं लक्षात ठेवायचं टिपण आहे: एक्स घटक म्हणजे वाय-झेड वजा झेड-वाय. मांडणी इतकी चपखल बसते की मोह होतोच. पण खुद्द क्राउदरने हा शब्द आपण मनानेच बनवला असं सांगितलं आहे. मंत्र दिसायला विचित्र हवा, तरी कसाबसा उच्चारता यावा, एवढीच त्याची अट होती. खुद्द कर्ताच नाही म्हणाला की सूत्रवाल्यांचा दावा लंगडा पडतो. माझं म्हणणं दोघांहून वेगळं आहे. शब्द विचित्र का, याचं उत्तर क्राउदरने दिलं. तो नेमका ५ अक्षरी का, याचं नाही. खेळातला दुसरा मंत्र ‘प्लघ’, तोही इंग्रजीत ५ अक्षरीच. कात्रीला कापायला काही उरू नये इतकेच हे मंत्र लांब आहेत. ‘प्लोव्हर’ हा मंत्र सहा अक्षरी आहे, हा आक्षेप मान्य. पण तो आधीच अस्तित्वात असलेल्या एका पक्ष्याचं नाव आहे. नवा शब्द घडवणारा माप घेऊन घडवतो, उसना घेणाऱ्याला मिळेल ते घ्यावं लागतं. याच खेळाच्या शब्दसूचीत अलीबाबाचा ‘सेसमी’सुद्धा शेपूट तोडून ‘सेसम’ असा बसवलेला आहे. पुराव्याला एवढं पुरेसं नाही, पण तर्काला आधार बरा आहे.

२०१७च्या नूतनीकरणात जुन्या फोरट्रानमधून आलेला ‘गोटो’ म्हणजे कोडात इकडून तिकडे उडी मारायला लावणाऱ्या आज्ञांचा गुंता सोडवून आजच्या सी भाषेचं वळण दिलं गेलं. गुहेचं सगळं वर्णन यामल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीत गेलं, तिच्यावरून सीचा कोड घडवायला पायथॉनची छोटी आज्ञावली आली, आणि काही बिघडलं तर लगेच कळावं म्हणून चाचण्यांचा मोठा संच उभा राहिला. एवढं सगळं बदललं, पण पाचाचा आकडा जसाच्या तसा राहिला. ३६ बिटांचं यंत्र गेलं, त्याच्या कप्प्याचं माप मागे उरलं. खेळ मूळ रूपात जपायचा हा हेतू चुकीचा नव्हे, आणि इंग्रजीत त्यामुळे फारसं अडतही नाही. पण कोड नवा झाला म्हणजे त्यातली गृहीतकं नवी झाली असं नाही. इंग्रजीबाहेर पाऊल टाकलं की हे लगेच कळतं.

कारण सीमधली ही तुलना बाइटांवर चालते. मराठीच्या ५ बाइटांत एक पूर्ण चिन्ह आणि दुसऱ्याचा दोन-तृतीयांश तुकडा मावतो. दुसऱ्या चिन्हाची ओळख त्याच्या तिसऱ्या बाइटमध्ये असते आणि नेमका तोच कापला जातो. परिणामी ‘दार’ आणि ‘दिवा’ यंत्राला एकच दिसतात, ‘उघड’ आणि ‘उत्तर’ही एकच. अलीबाबाने ‘तिळा तिळा दार उघड’ म्हणावं आणि यंत्राने ‘दिवा उत्तर’ ऐकावं!

बाइट सोडून चिन्हं मोजा, असा साहजिक उपाय कुणी सुचवेल. दार आणि दिवा तेवढ्याने सुटतात, पण खरी अडचण पुढेच आहे. ‘गुहेत’ ५ चिन्हांचा, ‘गुहेतून’ ७ चिन्हांचा. पहिली पाच दोन्हींची सारखी. आत असणं आणि बाहेर पडणं यांतला फरक कात्रीने कापून टाकला. बरं, शाळेतल्या पोरासारखी अक्षरं मोजू. गु-हे-त आणि गु-हे-तू-न आता वेगळे झाले. पण खेळात पूलही आहे, आणि ‘पुलापलीकडे’ व ‘पुलापलीकडून’ यांची पहिली पाच अक्षरं पुन्हा एकच. इंग्रजीत दिशा दाखवणारा शब्द सुटा, नामाच्या आधी येतो; शब्दाची शेपटी तोडली तर बहुतेक वेळा अनेकवचनासारखं काहीतरी जातं. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शेपटीलाच चिकटतात. जाणं की येणं हे तिथेच ठरतं.

खेळाडूने प्रत्यय न लावता सुटे शब्द टाइप करावेत, असंही म्हणता येईल. पण मग तो मराठीत खेळत नाही, इंग्रजी हुकमांना मराठी टोप्या घालतो. खरा उपाय म्हणजे शब्द अख्खा वाचायचा आणि पाच अक्षरांत टाइप करायची सवय असलेल्या जुन्या खेळाडूंसाठी संक्षेपही चालू द्यायचा. आजच्या यंत्रात जागेची टंचाई नाही.

मूळ खेळ सुरुवातीलाच एका अडचणीची कबुली देतो: मी पाचच अक्षरं पाहतो, त्यामुळे ‘नॉर्थईस्ट’ आणि ‘नॉर्थ’ मला सारखेच वाटतात, तेव्हा ईशान्येसाठी ‘एनई’ लिहा. ही अडचण मराठीत उद्भवतच नाही. आपल्याकडे ईशान्य, आग्नेय, नैऋत्य, वायव्य या उपदिशांना स्वतःची नावं आहेत आणि ती पाच चिन्हांवर तोडली तरी उत्तरेशी त्यांची गाठ पडत नाही.