पुण्याची विषाणू-संस्था आणि आपण गृहिणी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती येतात, भरतकामाचे नमुने येतात, सहलींची वर्णने येतात. यंदा इतिहासावर काही लिहावे असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. इतिहास म्हटला की आम्हां मावळातल्या बायकांना गड आणि लढाया आठवतात. परंतु कासार आंबोलीहून पिरंगुट, भूगाव मागे टाकून पुण्याकडे निघाले म्हणजे चांदणी चौकाच्या पुढे पाषाण लागते. तेथे आणि पुणे स्टेशनकडील डॉ. आंबेडकर रस्त्यावर एका निराळ्याच लढाईचा इतिहास घडला आहे. तो आपल्या घराशी, किंबहुना आपल्या पाण्याच्या पिंपाशी जोडलेला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

सन १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यास विषाणू संशोधन केंद्र काढले. डास, गोचीड अशा रक्त पिणाऱ्या जीवांमुळे माणसांत पसरणारे रोग शोधणे, हे त्याचे मुख्य काम. १९६७ साली परदेशी साहाय्य थांबले आणि खर्चाचा भार आपल्या सरकारवर आला. १९७८ साली संस्थेस राष्ट्रीय दर्जा मिळाला. आज आपण तिला एनआयव्ही म्हणून ओळखतो. भगिनींना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे १९७८ ते १९८८ या काळात तिच्या संचालकपदी डॉ. खोर्शेद पावरी ही एक स्त्री होती.

केंद्र सुरू होऊन पाचच वर्षे झाली होती. १९५७ साली त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली. जवळच्या खेड्यांतील माणसेही तापाने फणफणली. आफ्रिकेतील पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी धास्ती पडली. पुण्याची मंडळी रानात गेली. त्यांनी माणसांचे रक्त तपासले, मेलेली माकडे तपासली, अंगावरच्या गोचिडीसुद्धा वेचून आणल्या. पीतज्वर नव्हता. रशियातील एका रानतापाशी नाते सांगणारा तो नवाच विषाणू निघाला, आणि तो गोचिडीच्या चाव्यातून येत होता. सरपणाला, गुरांमागे रानात जाणारी माणसे त्याला बळी पडत. रान तोडून माणूस आणि गुरे आत शिरली, तशी गोचीड व माणूस यांची गाठ वाढली, असेही संशोधकांनी मांडले. रानाची नासाडी आणि माणसाचा ताप यांचा संबंध इतक्या जुन्या काळी दिसून आला होता.

ही परक्या मुलखाची गोष्ट समजू नये. २०१६ साली हाच रोग आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. तिकडे त्यास माकडताप म्हणतात. त्यावर पूर्वी देत असलेली लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने पुढे बंद झाली. तेव्हा माकड मेलेले दिसताच कोणीतरी वेळेवर कळविणे, हाच अजून मोठा आधार आहे.

दुसरी गोष्ट नागपूरची. १९६५ साली तेथील चांदीपुरा भागात तापाची साथ चालू असताना दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक अनोळखी विषाणू सापडला. त्या वस्तीचेच नाव त्यास मिळाले. त्या वेळी त्याचे फारसे महत्त्व कोणास वाटले नसेल. पण २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूच्या तापाने ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांतील १८३ दगावली, तेव्हा पुण्याच्या संस्थेने शोध घेतला तो चांदीपुऱ्याचाच निघाला. अडतीस वर्षांपूर्वीची नोंद अशी उपयोगी पडली. आपण डाळीच्या डब्यावर चिठ्ठी लावून ठेवतो ना, तसेच हे. आज लागत नाही, म्हणून टाकून द्यावयाचे नसते.

अगदी अलीकडचे तर आपण सर्वांनी पाहिले. मार्च २०२० मध्ये याच संस्थेने करोनाचा विषाणू वेगळा केला आणि त्यापासून पुढे हैदराबादच्या भारत बायोटेकबरोबर कोव्हॅक्सिन लस तयार झाली. तेव्हाही संचालकपदी डॉ. प्रिया अब्राहम ही स्त्रीच होती. २०२१ च्या जुलैत आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे तापाचे रुग्ण वाढले. पुण्यास नमुने गेले आणि महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण उघडकीस आला. झिका गरोदर स्त्रीच्या पोटातील बाळास इजा करू शकतो. साधा ताप म्हणून तो अंगावर काढला असता, तर काहीच कळले नसते.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. एका पावसाळ्यात आशाताई आमच्या दारी आल्या व पाण्याची भांडी पाहू द्या म्हणाल्या. घरात पाहुणे होते. “आमच्याकडे सगळे स्वच्छ असते,” असे तोडून बोलून मी त्यांना परत पाठविले. पंधरवड्याने सूनबाईस डेंग्यू झाला. मागील दारच्या पिंपात अळ्या वळवळत होत्या. त्याच पिंपातला डास चावला की दुसरीकडचा, कोण सांगणार? पण सूनबाईच्या उशाशी बसून काढलेल्या त्या रात्री मी विसरलेले नाही. आशाताईंची मी पुढे क्षमा मागितली. त्या हसल्या आणि पुन्हा पिंपात बॅटरीचा झोत टाकू लागल्या.

तेव्हापासून मला वाटते की पाषाणची ती मोठी प्रयोगशाळा आपल्या उंबरठ्यापासून सुरू होते. आपण ताप लपविला, मेलेले माकड पाहून गप्प बसलो, तर तेथील विद्वान तरी काय तपासणार? म्हणून मंडळापुढे माझे एवढेच मागणे आहे. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक घरी पाण्याची भांडी रिकामी करून घासावीत. नुसती उपडी करून भागत नाही, कारण डासाची अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी जगतात. रानात माकड मेलेले दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे. आणि आशाताई दारी आल्या, तर त्यांना आधी आत बोलवावे.