शाळा जेव्हा गुरांमागे गेली

आजचा विषय सगळ्यांच्या ओळखीचा: वर्गातली शिस्त. अंगठे धरणं, उठाबशा, हातावर पट्टी. आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे सगळं खाल्लंय, आणि आता ते हसत हसत सांगतातही. पंतोजींच्या काळापासून छडी म्हणजे शिस्त, असंच समीकरण होतं.

मी दहिसरला राहते. इथून वेस्टर्न लाइनने उत्तरेला जात राहा. विरार, पालघर, डहाणू मागे पडलं की घोलवड येतं आणि जवळच बोर्डी. तिथे 1945 मध्ये ताराबाई मोडक यांनी गावातल्या लहान मुलांसाठी काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. ताराबाईंनी त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं होतं. मुलाला मारायचं नाही, भीती घालायची नाही, हा धडा त्यांनी तिथेच पक्का केला होता.

पण बोर्डीत वेगळीच अडचण आली. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात! आता नेहमीचा उपाय काय? दटावा, आईबापांना बोलावून ऐकवा. ताराबाईंनी विचारलं, मूल येत का नाही? आणि बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. तीच ‘अंगणवाडी’. आज देशभर वापरतात तो शब्द.

पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली आदिवासी मुलं दिवसभर गुरं राखायची. शाळेच्या हिशेबात ती ‘दांडीबहाद्दर’च ठरली असती. इथे मात्र शिक्षक त्यांच्या मागोमाग कुरणात गेले. गुरं चरतायत, मुलं शिकतायत. नाव पडलं ‘कुरणशाळा’. शिकवायला बिया, पानं, खडे.

मला यातलं काय भावतं सांगू? आपण ज्याला मुलाचा दोष म्हणतो, तो पुष्कळदा शाळेच्या मांडणीतला दोष असतो. दोघींनी आधी तो दुरुस्त केला.

आता आजचं बघू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. तरी ‘आता शिक्षकांचे हात बांधलेत, पोरं ऐकणार कशी?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. शिक्षकाची दमछाक खरी आहे. याच कायद्यात पहिली ते पाचवीला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. खच्चून भरलेल्या वर्गात एकेका मुलाचं ‘का’ विचारायला वेळ कुठून आणायचा?

म्हणून नुसती छडी काढून भागत नाही. तिच्या जागी वेळ, माणसं आणि कुतूहल द्यावं लागतं. ते दिलं नाही, तर छडी जाते आणि टोमणे येतात. टोमण्याचा वळ दिसत नाही, एवढाच फरक.

तुमच्या वर्गातला सगळ्यात ‘वांड’ पोरगा आठवतोय? तो तसा का वागायचा, हे कुणी त्याला कधी विचारलं होतं का? विचार करा. भेटू पुढच्या भागात!