प्रोसेसर बदलल्यानंतर संगणक सुरू न होणे

प्रोसेसर बदलल्यानंतर संगणक सुरू न होणे ही डेस्कटॉप संगणकांच्या बाबतीत वारंवार आढळणारी अडचण आहे. जुना प्रोसेसर काढून त्याच सॉकेटात अधिक क्षमतेचा नवा प्रोसेसर बसवला जातो, कळ दाबल्यावर पंखे फिरू लागतात, दिवेही लागतात. पण पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी नवा प्रोसेसरच सदोष निघाला, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात पुष्कळदा प्रोसेसर सुस्थितीत असतो. मदरबोर्डावरील फर्मवेअरला त्याची ओळख नसते, एवढाच दोष असतो. कारण ओळखण्याआधी केलेल्या घाईच्या उपायांनी मात्र चांगला मदरबोर्ड निकामी होऊ शकतो, किंवा संगणकात साठवलेली विदा कायमची हातची जाऊ शकते.

संगणक सुरू होण्याची प्रक्रिया

वीज मिळताच प्रोसेसर लगेच विंडोज किंवा लिनक्स चालवू लागत नाही. प्रथम मदरबोर्डावरील एका लहान फ्लॅश चिपमधील आज्ञावली वाचली जाते. हिला बोलीभाषेत अजूनही बायोस म्हणतात. आजच्या संगणकांत तिचे रूप यूईएफआय या नव्या प्रमाणाचे असते. ही आज्ञावली प्रोसेसर ओळखते, रॅमची जुळवणी करते, ग्राफिक्स व इतर भाग तपासते आणि मगच कार्यप्रणालीकडे सूत्रे सोपवते. या प्राथमिक तपासणीला ‘पोस्ट’ म्हणतात.

प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरसाठी या आज्ञावलीत स्वतंत्र भाग असावा लागतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत मुख्य गाभे जागे होण्यापूर्वीच एक लहान सुरक्षा-प्रोसेसर काम सुरू करतो आणि रॅमची जुळवणीही तोच करतो. त्याला लागणारा मजकूर चिपमध्ये नसेल, तर संगणक चूक दाखवण्याच्या टप्प्यापर्यंतही पोहोचत नाही. पडदा पूर्ण काळा राहण्याचे कारण हेच. त्रुटीचा संदेश दाखवण्यासाठीही प्रोसेसर चालू असावा लागतो, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही.

एएम४ सॉकेटचे उदाहरण

या अडचणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एएमडीचे एएम४ सॉकेट. मार्च २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर या १३३१ पिनांच्या सॉकेटासाठी आले आणि पुढे अनेक पिढ्यांना तेच सॉकेट लागू राहिले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, कारण मदरबोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता येत होता. परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये रायझन ३ २२००जी व रायझन ५ २४००जी हे प्रोसेसर आले, तेव्हा जुन्या फर्मवेअरचे मदरबोर्ड त्यांच्यासह सुरू होईनात. फर्मवेअर अद्ययावत करायचे तर चालणारा प्रोसेसर हवा, आणि नवा प्रोसेसर चालायचा तर फर्मवेअर अद्ययावत हवे, असा हा तिढा होता. तो सोडवण्यासाठी एएमडीने अडचणीत सापडलेल्या ग्राहकांना तेवढ्या कामापुरता एक साधा प्रोसेसर विनामूल्य वापरायला देण्याची योजना राबवली.

दुसरी मर्यादा जागेची होती. अनेक जुन्या एएम४ मदरबोर्डांवरील फ्लॅश चिप अवघी १६ मेगाबाइटची होती. सर्व पिढ्यांचा मजकूर तीत मावेना, म्हणून काही उत्पादकांनी बायोसचा चित्रमय पडदा साधा केला, तर काहींनी जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकला. त्यामुळे अद्ययावत केलेल्या बोर्डावर पूर्वीचा प्रोसेसरच चालेनासा होण्याची शक्यता निर्माण झाली. मे २०२० मध्ये तर आगामी रायझन ५००० मालिका ४०० मालिकेच्या चिपसेटवर चालणार नाही, असे एएमडीने जाहीर केले. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात हा निर्णय फिरवला. ३०० मालिकेच्या बोर्डांना तो आधार २०२२ मध्ये मिळाला.

इंटेलच्या बाबतीत अडचण निराळी आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेले आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आधीच्या दोन पिढ्यांप्रमाणेच एलजीए ११५१ सॉकेटाचे होते आणि जुन्या बोर्डांत ते सहज बसत. पण काही पिनांची कामे बदलली होती आणि ३०० मालिकेचा चिपसेट आवश्यक होता. तेव्हा प्रोसेसर सॉकेटात बसला म्हणजे तो चालेल, असे नाही. मदरबोर्ड-उत्पादकाच्या संकेतस्थळावर कोणता प्रोसेसर बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो याची यादी असते. खरेदीपूर्वी पाहायची गोष्ट ती हीच.

कारण शोधण्याचा क्रम

जुना प्रोसेसर हाताशी असेल तर तो परत बसवून पाहणे ही सर्वांत निर्णायक चाचणी होय. त्यावर संगणक सुरू झाला, तर बोर्ड, रॅम व वीजपुरवठा बहुधा ठीक आहेत. मग बायोस अद्ययावत करून नवा प्रोसेसर पुन्हा बसवावा. म्हणूनच नवा प्रोसेसर चालू झाल्याची खात्री होईपर्यंत जुना विकू नये. जुना प्रोसेसर नसल्यास आणि बोर्डाला ‘बायोस फ्लॅशबॅक’ची सोय असल्यास, पेनड्राइव्हवरून प्रोसेसरविनाही बायोस बदलता येते. अद्ययावत करताना वीज गेल्यास बोर्ड निकामी होऊ शकतो. जिथे वीज वारंवार जाते तिथे हे काम यूपीएसवरच करावे.

जुन्या प्रोसेसरवरही संगणक सुरू झाला नाही, तर दोष जोडणीत शोधावा. प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची आठ पिनांची वीजजोडणी निसटलेली असली, तरी पंखे फिरतात आणि फसगत होते. एएम४ प्रोसेसरच्या पिना त्याच्याच तळाशी असतात. सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर उचलताना प्रोसेसरही सॉकेटातून उपटून निघतो आणि पिना वाकतात. एलजीए सॉकेटांत नाजूक पिना बोर्डावर असतात. कूलरच्या तळाची संरक्षक फिल्म न काढल्यास प्रोसेसर तापतो आणि संगणक थोड्याच वेळात बंद पडतो. ज्या प्रोसेसरांत अंतर्भूत ग्राफिक्स नसते, उदाहरणार्थ इंटेलचे नावाअखेर ‘एफ’ असलेले, त्यांच्यासह पडद्याची केबल मदरबोर्डाला लावली तर चित्र येणारच नाही. ती ग्राफिक्स कार्डाला लावावी लागते.

अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स व बूट असे चार लहान दिवे असतात. जो दिवा पेटून राहतो, त्या टप्प्यावर तपासणी अडकलेली असते. रॅमचा दिवा असल्यास एकच पट्टी ठेवून पाहावे. वीज पूर्ण बंद करून बोर्डावरील ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल काही मिनिटे काढल्यास किंवा सीमॉस पुसल्यास जुन्या मांडण्या नाहीशा होतात. एएम५ बोर्डांवर पहिल्या वेळी डीडीआर५ रॅमची जुळवणी कित्येक मिनिटे चालू शकते. तेवढा वेळ पडदा काळाच राहतो आणि ते बिघाडाचे लक्षण नव्हे.

कूटबद्ध विदेचा धोका

रायझन संगणकांत प्रोसेसर बदलल्यावर काही वेळा ‘नवा प्रोसेसर आढळला, एफटीपीएम पुसायचे का’ अशा आशयाचा इंग्रजी प्रश्न येतो. होकार दिल्यास प्रोसेसरच्या आधारे जपलेल्या किल्ल्या पुसल्या जातात. विंडोजचे बिटलॉकर कूटबद्धीकरण चालू असेल, तर त्यानंतर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्लीवाचून डिस्क उघडत नाही. हे कूटबद्धीकरण काही संगणकांत वापरकर्त्याच्या नकळत चालू असते. ही किल्ली बहुधा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. प्रोसेसर काढण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी आणि बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. बायोस अद्ययावत करण्यापूर्वीही हीच काळजी घ्यावी. किल्ली हाती नसताना हा प्रश्न पडद्यावर आलाच, तर नकार देऊन जुना प्रोसेसर परत बसवावा व आधी विदेची प्रत काढावी.