कळीआधीची कात्री

उर्दूत ‘कलम’ म्हणजे लेखणी आणि कलम करणं म्हणजे छाटणं. मराठी माळी तर झाडालाच कलम बांधतो. त्यामुळे लंडनमधल्या चेल्सीचा एक रिवाज मला परका वाटला नाही.

दुसऱ्या चार्ल्स राजाने तिथे १६८२मध्ये वृद्ध सैनिकांसाठी आश्रयस्थान स्थापलं. त्याच्या आवारात १९१३पासून मोठं पुष्पप्रदर्शन भरतं, एरवी मेच्या उत्तरार्धात. त्याच सुमारास इंग्रज बागवान फ्लॉक्स, हेलेनियम, सेडम या बहुवर्षायू रोपांचे ऐन जोमातले शेंडे तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्याने उडवतात. हाच ‘चेल्सी चॉप’. फुलं काही आठवडे लांबतात, रोप मात्र ठेंगणं आणि भरगच्च होतं. हुशार माणूस निम्म्याच फांद्या कापतो. आधी न कापलेल्या फुलतात, मग कापलेल्या. कॅटमिंटची तऱ्हा निराळी. तिचा पहिला बहर ओसरू द्यायचा, मग बुडाशी छाटायचं. पुन्हा बहर येतो. पिओनीवर आधीच कात्री चालवली, तर त्या वर्षीचं फूल गेलंच!

आपला शेवंतीवाला शेंडे खुडतो तेही फुटव्यांसाठीच. शेंड्याकडचं ऑक्झिन बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं, हे थिमन आणि स्कूग यांनी १९३३मध्ये दाखवलं. माळ्यांच्या बोटांना ते आधीच कळलं होतं, याचं मला जास्त अप्रूप. वाढतं ते कापायला छाती लागते; शेर लिहिणाऱ्याला विचारा.

२०२१मध्ये करोनामुळे प्रदर्शन सप्टेंबरवर गेलं. छाटणीला तशी मुदतवाढ नव्हती. सप्टेंबरात सेडम फुलावर असतो.