उज्जैन ते इंडियाना: बीजगणितवाले श्रीराम अभ्यंकर

अमेरिकेत नाव काढलेल्या मराठी माणसांविषयी आपण स्मरणिकांमधून नेहमी वाचतो. त्यांत डॉक्टर असतात, उद्योजक असतात, कलावंत असतात. गणिती मात्र क्वचितच भेटतो. म्हणून ही आठवण प्रा. श्रीराम शंकर अभ्यंकर यांची. "मोठे गणिती होते" एवढं आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्यांनी नेमकं काय केलं, असं मुलांनी विचारलं तर आपण विषय बदलतो. खरं तर सुरुवात समजायला शाळेतलं बीजगणित पुरतं.

क्ष² + य² = 1 हे वर्तुळाचं समीकरण आठवतंय ना? या वर्तुळाच्या अगदी डावीकडच्या बिंदूतून एक तिरकी रेघ काढा. ती वर्तुळाला आणखी एकाच ठिकाणी छेदते. रेघेचा चढ 1/2 ठेवला तर तो बिंदू निघतो (3/5, 4/5), म्हणजे आपला ओळखीचा 3-4-5 चा काटकोन त्रिकोण! चढ बदलत गेलं की वर्तुळावरचे बाकीचे बिंदू मिळत जातात. सुटतो तो फक्त ज्यातून रेघ काढली तो बिंदू. काटकोन त्रिकोणाच्या अशा बाजू काढण्याच्या रीती आपल्या भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती'त दिल्या आहेत.

याचा अर्थ असा की थोडेसे बिंदू बाजूला ठेवले तर सरळ रेषा आणि वर्तुळ साध्या बेरीज-गुणाकार-भागाकारांच्या सूत्रांनी एकमेकांत बदलता येतात. अशा आकृत्यांना गणिती 'बायरॅशनल' म्हणतात. जणू वेगळ्या कपड्यांतलं एकच माणूस. मग प्रश्न येतो: एकाच समीकरणाने ठरणारी कुठलीही आकृती अशी सपाट अवकाशाशी जुळते का? दुसऱ्या घातापर्यंत सहसा जमतं. घात वाढला की गाडी अडते. 1971 साली मॉस्कोच्या इस्कोव्हस्कीख आणि मानिन यांनी चार मितींच्या अवकाशातल्या, चौथ्या घाताच्या गुळगुळीत आकृतीबद्दल सिद्ध केलं की ती फार ताठर आहे. तिची स्वतःशी होणारी प्रत्येक बायरॅशनल अदलाबदल ही तिची साधी सममितीच असते. सपाट अवकाशात अशा अदलाबदली वाटेल तितक्या सापडतात. तेव्हा ही दोन माणसं एक नव्हेत. पुढे पाच मितींत पाचवा घात, सहा मितींत सहावा, असं सगळ्याच मितींसाठी हे खरं असल्याचं युटा विद्यापीठाच्या टोमासो डी फर्नेक्स यांनी 2013 च्या निबंधात मांडलं आणि त्यातली राहिलेली त्रुटी 2016 मध्ये दुरुस्त केली.

या साऱ्यात 'गुळगुळीत' हा शब्द महत्त्वाचा. आकृतीला टोक असेल, घडी पडली असेल, ती स्वतःलाच छेदत असेल तर काय करायचं? तिच्याशी बायरॅशनल अशी गुळगुळीत आकृती शोधायची. इथेच अभ्यंकर येतात.

त्यांचा जन्म 22 जुलै 1930 चा, उज्जैनचा. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे गणित घरातच होतं. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून 1951 मध्ये बी.एस्सी. करून ते हार्वर्डला आले आणि ऑस्कर झारिस्की यांचे विद्यार्थी झाले. झारिस्कींनी नेहमीच्या संख्यांवरच्या आकृत्यांच्या घड्या तीन मितींपर्यंत सोडवल्या होत्या. अभ्यंकरांनी अवघड बाजू धरली.

ती बाजू समजायला आठवड्याचे वार घ्या. सोमवारनंतर 7 दिवसांनी पुन्हा सोमवारच. या हिशोबात 7 म्हणजे शून्य. मग क्ष⁷ चं डेरिव्हेटिव्ह 7क्ष⁶, तेही शून्य! वक्राची दिशा सांगणारं कॅल्क्युलसचं हत्यारच बोथट होतं. अशा मूळ संख्यांच्या जगात पृष्ठभागांच्या घड्या सोडवता येतात, हे अभ्यंकरांनी 1955 च्या पीएच.डी. प्रबंधात दाखवलं. वय होतं अवघं पंचवीस! 1966 मध्ये त्यांनी 2, 3 आणि 5 सोडून बाकी मूळ संख्यांसाठी तीन मितीही पार केल्या. दरम्यान झारिस्कींचेच विद्यार्थी हिरोनाका यांनी 1964 मध्ये नेहमीच्या संख्यांसाठी सगळ्या मितींचं उत्तर दिलं होतं आणि त्यांना 1970 चं फील्ड्स पदक मिळालं.

1963 पासून अभ्यंकर इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. तो काळ फ्रान्सहून आलेल्या नव्या, अतिशय अमूर्त भाषेचा. अभ्यंकर मात्र शाळेतल्या बीजगणिताची बाजू घेऊन उभे राहिले. समीकरण हातात घ्या, पदं मांडा, चल काढून टाका, हीच त्यांची रीत. बीजगणिताच्या इतिहासावरचा त्यांचा 1976 चा निबंध याच बाण्याचा आहे. त्याला 1978 मध्ये शॉवने पारितोषिक मिळालं, म्हणजे ज्यांना हा सूर जुनाट वाटला असेल त्यांनाही तो वाचावा लागला!

1976 मध्येच त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान सुरू केलं. गणितातल्या संशोधनासाठीच्या संस्थेला त्यांनी नाव दिलं ते आपल्या जुन्या बीजगणितकाराचं. घर इंडियानात, संस्था पुण्यात, हे दुहेरी गणित आपल्याला वेगळं समजावून सांगायला नकोच.

2 नोव्हेंबर 2012 रोजी अभ्यंकर गेले. तीन मितींतला उरलेला भाग त्यांच्या हयातीतच, 2008-09 मध्ये, फ्रान्सच्या कोसार आणि पिल्तां यांनी पूर्ण केला होता. पण वारांच्या हिशोबाच्या त्या जगात चार आणि पुढच्या मितींसाठी सर्वमान्य सिद्धता आजही नाही. पंचविशीतल्या मराठी तरुणाने हात घातलेला प्रश्न सत्तर वर्षांनंतरही वाट पाहतो आहे.

तेव्हा पुढच्या वेळी घरातलं कुणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अल्जिब्राच्या गृहपाठाला कंटाळलं, तर त्याच्या वहीत एक वर्तुळ काढा, डावीकडून एक तिरकी रेघ मारा, आणि 3-4-5 कुठून आले ते त्यालाच शोधू द्या. अभ्यंकरांची वाट तिथूनच सुरू होते.