प्रिन्सेस स्ट्रीट: वारा आत यावा म्हणून

मरीन लाइन्स स्टेशनवरून पूर्वेकडे निघालं की प्रिन्सेस स्ट्रीट लागतो. पाटीवर नाव शामळदास गांधी मार्ग, पण टॅक्सीवाल्याला अजूनही जुनंच नाव सांगावं लागतं. औषधांची घाऊक दुकानं, पारसी डेअरी, हातगाड्या आणि सततचे हॉर्न. मला या रस्त्याचं एकच नवल वाटतं: तो सरळ आहे. आजूबाजूच्या धोबीतलाव-काळबादेवीतल्या गल्ल्या वळतात, आखडतात, मध्येच संपतात. जुन्या मुंबईत असा रस्ता आपोआप होत नाही. कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारावी लागते.

ही रेघ मारली गेली प्लेगमुळे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. साथ पसरली तशी माणसं बोचकी बांधून गावाकडे पळाली. गिरण्या आणि गोदी चालवायला हात पुरेनात, व्यापार अडला, तेव्हा सरकार हललं. १८९८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या काळात ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. नवे रस्ते काढायचे, दाट वस्त्या मोकळ्या करायच्या, समुद्र हटवून जमीन मिळवायची आणि गरिबांसाठी घरं बांधायची, ही त्याची कामं.

रस्ता आणि प्लेग यांचा संबंध काय? तेव्हाचा समज असा, की कोंदट हवा, ओल आणि अंधार यांतून रोग वाढतो. मुंबईच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बंदर आणि मध्ये खच्चून भरलेल्या चाळी. मग या चाळींमधून पश्चिम-पूर्व रुंद रस्ते कापले, तर समुद्राचा वारा थेट आत शिरेल. शिवाय बंदराकडची वाहतूकही मोकळी होईल. प्रिन्सेस स्ट्रीट असा आखला गेला. गिरगाव चौपाटीच्या बाजूने डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हाही त्याच विचारातून निघाला. प्रिन्सेस स्ट्रीटच्या कडेचं वाडियाजी आतशबेहराम १८३० चं. म्हणजे ते या रस्त्यावर बांधलं गेलं नाही. रस्ताच पुढे त्याच्या शेजारी आला. ते राहिलं. आखणीत आलेल्या खोल्या मात्र राहिल्या नाहीत.

आणि इकडे विज्ञान वेगळंच सांगू लागलं होतं. १८९८ मध्येच पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीतल्या प्रयोगांवरून सांगितलं, की प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो. सुरुवातीला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढच्या दशकात खुद्द मुंबईतल्या संशोधनातून तेच सिद्ध झालं. पिसवेला समुद्राच्या वाऱ्याशी काय देणंघेणं! तोवर रेघा मारून झाल्या होत्या आणि घरं पडत होती.

घरं पडली तेव्हा घरमालकांना भूसंपादन कायद्याने मोबदला मिळाला. महिन्याच्या भाड्याने एका खोलीत राहणाऱ्याच्या हाती फारसं काही पडलं नाही. हमालाला गोदीजवळच राहायला हवं, कारागिराला बाजाराजवळ. तो लांब कुठे जाणार? शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या दुसऱ्या खोलीत. गर्दी हटवायला काढलेल्या रस्त्याने ती बाजूला सरकवली.

ट्रस्टने घरं बांधलीच नाहीत असं नाही. त्याच्या चाळी आजही ‘बीआयटी चाळी’ म्हणून ओळखल्या जातात. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ ते १९३४ ही वर्षं काढली. पण पाडकाम पुढे आणि बांधकाम मागे, हा क्रम ट्रस्टला सुधारता आला नाही. घर पडलेल्या माणसाला घर हवं होतं ते त्याच संध्याकाळी.

दुसरा मार्ग माहीत नव्हता असंही नाही. १९१४ मध्ये भारतात आलेले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस सांगत होते, की जुन्या वस्तीतून सरसकट रुंद रस्ता कापू नका. मोडकळीला आलेली मोजकी घरं काढा, चौक मोकळे करा, विहिरी-झाडं राखा, गल्ली थोडी वळली तर वळू द्या. आधी ती वस्ती पायी फिरून पाहा. हे काम चिकाटीचं होतं. नकाशावरची सरळ रेघ त्यापेक्षा सोपी आणि उद्घाटनाला शोभणारी.

तरी या रस्त्यांना सरसकट नावं ठेवणं मला जमत नाही. आज काळबादेवीत आग लागली, तर बंब याच रुंद रस्त्याने जवळ पोहोचतो. दक्षिण मुंबईची पूर्व-पश्चिम वाहतूक शंभर वर्षं अशाच रस्त्यांनी पेलली. प्रश्न रस्त्याच्या उपयोगाचा नाही. तो काढताना किंमत कुणी मोजली आणि ती कुठे लिहून ठेवली का, हा आहे. रस्त्याची लांबी-रुंदी कागदावर राहते. शेजारच्या खोलीत आठाचे बारा झाले, हे कुणाच्या वहीत नसतं.

१९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला. रेघ मारायची सवय मात्र मागे राहिली. वरळीकडे जाणारा १०.५८ किलोमीटरचा कोस्टल रोड सुरू होतो तो प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून. पूर्वी शब्द होते हवा आणि आरोग्य, आता आहेत वेग आणि सुरक्षितता. त्या भरधाव रस्त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. शहरात स्कूटरवर पोट असलेल्यांची संख्या थोडी नाही, पण त्यांची सुरक्षितता म्हणजे त्यांनी जुन्याच रस्त्याने जावं.

एक फरक मात्र मोलाचा आहे. १८९८ मध्ये काळबादेवीतल्या भाडेकरूला कुणी विचारलं नव्हतं. आज विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते, आणि हरकत घ्यायला घरमालक असावं लागत नाही. तुमच्या गावात रस्ता वाढवायचा नकाशा निघाला, तर रस्ता किती फुटांचा होणार एवढंच बघून तो मिटू नका. त्या रेघेखाली कोण राहतं, कोण गाडी लावतं, कोण पायी चालतं, आणि ते त्या संध्याकाळी कुठे जाणार, हे लेखी विचारा.