माळावरून स्टेडियमात

पुणं हे दुचाकींचं शहर. पण मातीवरच्या मोटारसायकल शर्यतींची कहाणी सुरू होते ती इंग्लंडात, १९२४ साली, कॅम्बर्लीच्या मोकळ्या माळावर. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियममध्ये माती आणून उंचवटे रचले गेले आणि शर्यत प्रेक्षकांसमोर आली. २८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या बालेवाडीनंही सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी पाहिली.

जागा आक्रसली, तसा वेग घटला. वाऱ्याचा अडसर कमी झाला, गर्दीचा वाढला. पुढच्या चाकानं उडवलेली माती मागच्याच्या चष्म्यावर बसते, चाकोरी दिसेनाशी होते. म्हणून पहिल्याच वळणावर पुढं निसटण्याची धडपड असते.

आणि हवेत? तिथं थ्रॉटल पिळला की गाडीचं नाक वर येतं, मागचा ब्रेक दाबला की खाली झुकतं. ही करामत वाऱ्याची नव्हे, फिरत्या चाकाची!

मात्र उंचवट्यापलीकडे कुणी पडलं असेल, तर ते उडी घेणाऱ्याला दिसत नाही. कडेला फडकणारा पिवळा झेंडा ते सांगतो. तो दिसताच वेग आवरायचा, उडी टाळायची. स्टेडियमातला हा नियम आपल्या रस्त्यांवरही यावा, एवढीच इच्छा.